पासथ्रू का अडतो? व्हर्च्युअल मशीनला ग्राफिक्स कार्ड सोपवण्याचा इतिहास

प्रस्तावना

समजा तुमच्या विभागाच्या प्रयोगशाळेत एकच सर्व्हर आहे आणि त्यात एक चांगले ग्राफिक्स कार्ड बसवलेले आहे. सर्व्हरवर लिनक्स चालते. कार्ड मात्र एका व्हर्च्युअल मशीनच्या पूर्ण ताब्यात द्यायचे आहे, म्हणजे त्या मशीनमधला ड्रायव्हर कार्डाशी थेट बोलेल. या व्यवस्थेला पासथ्रू म्हणतात. सूचनांप्रमाणे सगळे केले तरी कधी मशीन सुरूच होत नाही. कधी ते एकदा नीट चालते आणि बंद करून पुन्हा सुरू केले की अडते. कधी विंडोज कार्ड ओळखते, पण 'कोड ४३' दाखवून ते बंद ठेवते.

हे दोष एकमेकांशी संबंध नसल्यासारखे वाटतात. इतिहास पाहिला की त्यांच्यामागचे समान कारण लक्षात येते. पीसीचे भाग घडवणाऱ्यांनी धरून चालले होते की यंत्र सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत उपकरणाचा मालक एकच राहील. पासथ्रूमध्ये मालक बदलतो, आणि नव्या मालकावर विश्वास ठेवता येईलच असे नसते. जुने गृहीतक जिथे जिथे शिल्लक आहे, तिथे तिथे दोष निर्माण होतो.

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील:
• पासथ्रूचा प्रश्न मेनफ्रेमच्या काळापासून कसा बदलत गेला हे सांगणे.
• आयओएमएमयू, आयओएमएमयू गट आणि रीसेट यांचे कार्य स्पष्ट करणे.
• एखादा दोष कोणत्या थरातला आहे हे क्रमाने शोधणे.

१. मेनफ्रेमवरील सुरुवात

व्हर्च्युअल मशीन ही क्लाउडच्या काळातली कल्पना नाही. आयबीएमच्या मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील केंद्रात रॉबर्ट क्रीसी यांच्या गटाने तयार केलेली सीपी-४० ही प्रणाली जानेवारी १९६७ मध्ये कार्यरत झाली. तिच्यानंतर सीपी-६७ आली आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० जाहीर झाली. प्रत्येक वापरकर्त्याला आपल्यापुढे स्वतंत्र संगणक आहे असे वाटावे, ही त्यामागची योजना होती.

मेनफ्रेममध्ये डिस्क किंवा टेपशी होणारी देवाणघेवाण 'चॅनेल' नावाचा वेगळा घटक करत असे. प्रोग्राम चॅनेलला आदेशांची यादी देई आणि चॅनेल मेमरीत परस्पर माहिती आणून ठेवी. प्रोसेसर व्हर्च्युअल मशीनने दिलेल्या मेमरी पत्त्यांचे खऱ्या पत्त्यांत रूपांतर करू शके. चॅनेलला मात्र फक्त खरे पत्ते समजत. त्यामुळे नियंत्रक प्रणाली अशी प्रत्येक यादी तपासून तिची खऱ्या पत्त्यांसह नवी प्रत बनवी आणि मगच ती चॅनेलकडे पाठवी. ही रीत सुरक्षित होती, पण वेळखाऊ होती.

वेग हवा असेल तर व्हीएम/३७० मध्ये एक पर्याय होता. एका मशीनची मेमरी खऱ्या मेमरीच्या जागीच बसवायची, म्हणजे पत्ते बदलावेच लागत नाहीत. ही सोय एका वेळी एकाच मशीनला मिळे आणि त्या मशीनवर विश्वास ठेवावा लागे. वेग आणि संरक्षण यांतली ही ओढाताण पुढच्या प्रत्येक टप्प्यात दिसेल.

१९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी एखादा प्रोसेसर व्हर्च्युअल मशीनसाठी योग्य आहे की नाही याच्या अटी मांडल्या. त्यांचा निबंध आजही अभ्यासक्रमात असतो. मात्र मांडणी सोपी राहावी म्हणून त्यांच्या प्रतिमानात उपकरणांशी होणारी देवाणघेवाण वगळलेली होती. सिद्धांताने बाजूला ठेवलेला हा भाग पुढे अभियंत्यांना सोडवावा लागला.

२. पीसीवर आधी नक्कल

१९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीने पीसीवर व्हर्च्युअल मशीन चालवून दाखवले. तिथे उपकरणे सॉफ्टवेअरने केलेली नक्कल असत. मशीनला एक जुने, सर्वपरिचित नेटवर्क कार्ड दिसे. प्रत्यक्षात ते सॉफ्टवेअर असे आणि खरे कार्ड होस्टकडेच राही. नेटवर्क किंवा डिस्कसाठी हे चालून गेले. आधुनिक ग्राफिक्स कार्डाची अशी नक्कल करणे व्यवहार्य नव्हते, कारण ते कार्ड म्हणजे स्वतःची मेमरी आणि असंख्य गणन-एकके असलेला दुसरा संगणकच असतो.

मग खरे कार्डच का देऊ नये? अडचण चॅनेलचीच होती. पीसीआय कार्ड मेमरीत थेट लिहिते. या क्रियेला डीएमए म्हणतात. व्हर्च्युअल मशीनमधला ड्रायव्हर आपल्या समजुतीप्रमाणे एक पत्ता कार्डाला देतो. कार्ड तो खरा पत्ता मानते आणि तिथे लिहिते. ती जागा होस्टच्या कर्नलची किंवा शेजारच्या मशीनची असू शकते. २००३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातून पुढे आलेल्या झेन प्रणालीत बदल केलेल्या गेस्ट प्रणालींना खरे पत्ते ठाऊक असत, म्हणून कार्ड देता येई. पण त्या ड्रायव्हरने चूक केली किंवा लबाडी केली, तर त्याला अडवणारे कोणी नव्हते.

३. आयओएमएमयू: पहारेकरी आला

२००६ च्या सुमारास एएमडी आणि इंटेल या दोघांनीही आपापल्या आयओएमएमयूची विनिर्देशपत्रे प्रसिद्ध केली. इंटेलच्या तंत्राचे नाव व्हीटी-डी. हा घटक कार्ड आणि मेमरी यांच्या मधे बसतो. कोणत्या उपकरणाकडून विनंती आली हे पाहून तो पत्ता बदलतो आणि परवानगी नसलेली विनंती नाकारतो. चॅनेलच्या याद्या तपासण्याचे जे काम पूर्वी सॉफ्टवेअर करी, ते आता हार्डवेअरकडे आले.

इथे एक घोळ नेहमी होतो. व्हीटी-एक्स प्रोसेसरच्या व्हर्च्युअलायझेशनसाठी आहे आणि व्हीटी-डी उपकरणांसाठी. बायोसमध्ये पहिले सुरू असल्यावर व्हर्च्युअल मशीन उत्तम चालते, म्हणून दुसरेही सुरूच असेल असे आपण समजतो. दोन्ही स्वतंत्रपणे तपासा.

नोव्हेंबर २०१० मध्ये अ‍ॅमेझॉनने दोन टेस्ला एम२०५० कार्डे असलेली व्हर्च्युअल मशीन भाड्याने द्यायला सुरुवात केली. आता कार्ड अनोळखी ग्राहकाच्या हाती जाऊ लागले आणि संरक्षणाचा प्रश्न व्यवहाराचा झाला. २०११ मध्ये वोइत्चुक आणि रुत्कोव्स्का या संशोधकांनी दाखवले की मेमरीवर पहारा असूनही सोपवलेले उपकरण खोटे इंटरप्ट पाठवून हल्ला करू शकते. त्यावर उपाय म्हणजे इंटरप्ट रीमॅपिंग. ते नसलेल्या यंत्रावर लिनक्स उपकरण सोपवायला नकार देते. हा नकार बंद करण्याचा पर्याय आहे, आणि त्याच्या नावातच 'असुरक्षित' असा शब्द आहे.

४. गट: एकट्याला का देता येत नाही

लिनक्समध्ये आज वापरली जाणारी व्हीएफआयओ ही चौकट २०१२ मध्ये कर्नलच्या ३.६ आवृत्तीत आली. टॉम लायन यांनी सुरू केलेले हे काम अ‍ॅलेक्स विल्यमसन यांनी नव्या रचनेत पूर्ण केले. तिचा पाया म्हणजे आयओएमएमयू गट. एकाच पीसीआय एक्स्प्रेस स्विचखालची दोन कार्डे एकमेकांना थेट माहिती पाठवू शकतात, आणि ती माहिती पहारेकऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. असा मार्ग बंद असल्याची हमी देणाऱ्या सुविधेला एसीएस म्हणतात. हमी नसेल तर कर्नल ती उपकरणे एका गटात धरतो. गटातले एक उपकरण मशीनला द्यायचे असेल, तर बाकीची होस्टच्या वापरात राहू शकत नाहीत. ग्राफिक्स कार्डाचा ध्वनी भाग साधारणपणे याच कारणाने सोबत द्यावा लागतो.

स्वस्त मदरबोर्डवर ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क आणि डिस्क यांचा एकच गट झालेला आढळतो. त्यासाठी 'एसीएस ओव्हरराइड' नावाचा पॅच सुचवला जातो. तो २०१३ मध्ये खुद्द विल्यमसन यांनीच मांडला होता, पण मूळ कर्नलमध्ये घेतला गेला नाही. कारण समजून घ्या: हा पॅच उपकरणे वेगळी करत नाही, ती वेगळी आहेत असे कर्नलला मानायला लावतो. घरच्या यंत्रावर हा धोका तुम्ही पत्करू शकता. जिथे दुसऱ्या विद्यार्थ्यांचे काम किंवा रुग्णांच्या नोंदी त्याच सर्व्हरवर आहेत, तिथे तो तुमच्या एकट्याचा निर्णय राहत नाही.

५. कार्डाला विसरायला लावणे

पहारा नीट झाला तरी कार्डाच्या जुन्या सवयी उरतात. यंत्र सुरू होताना पडदा उजळवणारे कार्ड होस्टने आधीच वापरलेले असते. त्याच्या रॉमची जी प्रत वाचायला मिळते ती कधी कधी बदललेली असते, म्हणून मशीनला मूळ रॉमची फाइल वेगळी द्यावी लागते. होस्टचा ड्रायव्हर कार्ड आधी पकडून बसला तरीही अडचण येते. म्हणून ते बूट होतानाच व्हीएफआयओकडे सोपवणे श्रेयस्कर ठरते.

दुसऱ्यांदा सुरू करताना अडणारे मशीन हा रीसेटचा दोष असू शकतो. पीसीआय एक्स्प्रेसमध्ये उपकरणाचा एकेक भाग स्वतंत्रपणे रीसेट करण्याची सोय आहे, पण ती ऐच्छिक आहे. एएमडीच्या पोलारिस, व्हेगा आणि नावी या पिढ्यांतील अनेक कार्डे मशीन बंद झाल्यावर मूळ स्थितीत येत नसत. पूर्ण सर्व्हर बंद करावा लागे. २०२० मध्ये 'व्हेंडर-रीसेट' नावाचे कर्नल मॉड्यूल काही कार्डांसाठी उपाय म्हणून आले. जिथे वीज बंद करणे हाच रीसेट मानला होता, तिथे मालक बदलताच दोष उघडा पडला.

६. कोड ४३: धोरणातून आलेला दोष

कोड ४३ हा विंडोजचा सर्वसाधारण संदेश आहे: उपकरणाने अडचण कळवली म्हणून ते थांबवले आहे. पासथ्रूच्या संदर्भात तो कुप्रसिद्ध झाला तो एनव्हिडियाच्या जीफोर्स कार्डांमुळे. आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत हे कळल्यावर त्यांचा विंडोज ड्रायव्हर काम थांबवत असे. कंपनीची व्यावसायिक कार्डे मात्र तिथे चालत. कार्ड, आयओएमएमयू आणि गट सगळे बिनचूक असूनही कित्येकांनी हार्डवेअर तपासण्यात दिवस घालवले. हायपरवायझरची ओळख लपवली की तेच कार्ड चालू लागे. मार्च २०२१ मध्ये ४६५ मालिकेच्या ड्रायव्हरपासून कंपनीने जीफोर्सच्या पासथ्रूला चाचणी स्वरूपात मान्यता दिली. ड्रायव्हर जुना नसेल आणि तरीही कोड ४३ दिसत असेल, तर आज कारण बहुधा दुसरे असते.

७. दोष शोधण्याचा क्रम

खालचा थर पक्का नसताना वरच्या थरात बदल करू नका. एका वेळी एकच बदल करा आणि त्याची नोंद ठेवा.

१. बायोसमध्ये आयओएमएमयू सुरू आहे का? कर्नलच्या बूट नोंदींत तो आणि इंटरप्ट रीमॅपिंग दिसतात का?
२. कार्ड कोणत्या गटात आहे? सोबत कोण आहे? दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवल्यास गट बदलतो का?
३. कार्डाच्या सर्व भागांना सध्या कोणता ड्रायव्हर जोडलेला आहे?
४. मशीनची मेमरी होस्टमध्ये कायमची बांधून ठेवता येते का? कार्ड कोणत्याही क्षणी तिथे लिहू शकते, म्हणून ती हलवता येत नाही. मेमरी बांधण्याची मर्यादा कमी असेल तर मशीन सुरूच होत नाही.
५. होस्ट पूर्ण बंद करून सुरू केल्यावर पहिल्याच वेळी चालते का? तसे असेल तर संशय रीसेटवर घ्या.
६. लिनक्स गेस्टमध्ये चालते आणि विंडोजमध्ये नाही? मग कारण ड्रायव्हर किंवा गेस्टची मांडणी यांत शोधा.

सारांश

चॅनेलच्या याद्या तपासण्यापासून आयओएमएमयूपर्यंत प्रश्न एकच राहिला: दुसऱ्याच्या हाती दिलेल्या उपकरणाने कुठवर पोहोचावे? नवी उपकरणे मालक अनेक असतील हे धरूनच घडवली जातात. २००७ च्या एसआर-आयओव्ही मानकाने एक उपकरण अनेक उपकरणांसारखे दिसू लागले. २०२० च्या ए१०० कार्डाचे सात विभाग करता येतात. तरी प्रयोगशाळेतली यंत्रे वेगवेगळ्या काळातल्या भागांनी बनलेली असतात. त्यामुळे दोष शोधताना हा भाग कोणत्या गृहीतकावर घडवला गेला, हे विचारण्याची सवय ठेवा.

स्वाध्याय

१. व्हीएम/३७० मधील 'खऱ्या जागी बसवलेले मशीन' आणि एसीएस ओव्हरराइड यांत कोणते साम्य आहे?
२. आयओएमएमयू असूनही इंटरप्ट रीमॅपिंग का लागते?
३. कोड ४३ या दोषाला तांत्रिक दोष म्हणावे की व्यावसायिक धोरण? कारणे द्या.
४. तुमच्या संगणकावरील आयओएमएमयू गटांची यादी करा आणि कोणते उपकरण स्वतंत्रपणे सोपवता येईल ते ठरवा.