होडी, खाडीतील मासेमारीची : (ठाणे खाडी)

खाडीच्या उथळ पाण्यात मासेमारीसाठी वापरण्यात येणारी, एक ते तीन माणसांनी चालविण्याजोगी लहान नौका. हिची लांबी साधारणपणे ५ ते ८ मी. असते. बांधणीचे द्रव्य कालमानाप्रमाणे बदलत गेले असून लाकूड, काचतंतूंनी बळकट केलेले प्लॅस्टिक (बोलीत ‘फायबर’) आणि ॲल्युमिनियम मिश्रधातू ही त्यांतील प्रमुख द्रव्ये होत. महाराष्ट्रात पहिल्या दोहोंचा प्रसार झाला. तिसऱ्याचा वापर मर्यादित राहिला. त्यामागील कारणे धातूच्या गुणदोषांत जेवढी आहेत, तेवढीच खाडीच्या स्वरूपात व मच्छीमाराच्या अर्थव्यवहारात आहेत.

स्थान व जलस्थिती : ठाणे खाडी मुंबई बेटाला मुख्य भूमीपासून अलग करते. तिच्या पूर्व काठालगतच्या पट्ट्यात दिवे, ऐरोली, राबाडे, गोठिवली, तळवली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी इ. आगरी व कोळी वस्तीची गावे असून ती आता नवी मुंबईत मोडतात. भातशेती, मिठागरे व खाडीतील मासेमारी ही या पट्ट्यातील पूर्वापार उपजीविकेची साधने होत. खाडीत दिवसातून दोनदा भरती-ओहोटी होते. उधाणाच्या वेळी भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांतील फरक ४ मी.पेक्षा अधिक होतो, तर भांगाच्या दिवसांत तो बराच कमी असतो. ओहोटीला काठाशी विस्तीर्ण चिखलाणी उघडी पडते व तिच्यामागे तिवरांची दाटी असते. म्हणून येथील होडीचे बूड रुंद व सपाटसर असावे लागते. ती थोड्या पाण्यात तरंगली पाहिजे, चिखलावर टेकली असता कलंडता कामा नये आणि दोघा-तिघांना ढकलून पाण्यात नेता आली पाहिजे. खुल्या समुद्रात जाणाऱ्या नौकेला लाटा कापणारी उंच नाळ व खोल बूड लागते. खाडीत तेच गुण अडचणीचे ठरतात. पाग (फेकजाळे), बोकशी (लहान पिशवीजाळे) व गळ या साधनांनी बोय, शिंगाळा, कोळंबी, जवळा व चिंबोऱ्या पकडल्या जातात. निवट्या मात्र चिखलातच मिळतात.

लाकडी होडी : एकाच खोडातून कोरलेली डोण हा होडीचा सर्वांत साधा प्रकार होय. दक्षिण कोकणात तिला तोल राखण्यासाठी बाजूस उलांडी जोडतात. फळ्यांच्या होडीत प्रथम पठाण (तळाचा मुख्य वासा) मांडून त्यावर वाके बसवितात व त्यांवर फळ्या ठोकतात. फळ्यांमधील फटींत तेल-राळेत भिजविलेला कापूस ठासून भरतात. यासाठी सागवान उत्तम मानले जाते. त्यातील नैसर्गिक तेलामुळे ते पाण्यात दीर्घकाळ टिकते. तथापि खाऱ्या पाण्यातील टेरेडो हा लाकूड पोखरणारा मृदुकाय प्राणी व खडकशंख यांपासून बचावासाठी होडी वेळोवेळी किनाऱ्यावर ओढून खरवडावी व तेलावी लागते. पावसाळ्याचे दिवस या कामाचे असत. लाकडी होडीचा मोठा गुण असा की, तिची दुरुस्ती गावातच होई. सुतार, लाकूड व खिळे एवढ्यावर काम भागे आणि फुटलेली फळी तेवढीच बदलता येई. सागवान महागले आणि होडी बांधणाऱ्या सुतारांच्या पुढच्या पिढ्या अन्य कामांकडे वळल्या, तेव्हा ही व्यवस्था विस्कळित झाली.

फायबरची होडी : स्वातंत्र्योत्तर काळात मच्छीमारीचे यांत्रिकीकरण सुरू झाले व पुढे लहान होड्यांनाही बाहेरून अडकविण्याची एंजिने उपलब्ध झाली. त्याच सुमारास साच्यात ढाळून केलेली फायबरची होडी लाकडी होडीची जागा घेऊ लागली. तिला सांधे नसल्याने पाणी झिरपत नाही, कीड लागत नाही व एकाच साच्यातून अनेक होड्या काढता येत असल्याने खर्चही आटोक्यात राहतो. तडा गेल्यास राळ व काचेचे कापड यांचा थर देऊन मच्छीमार स्वतः ती दुरुस्त करू शकतो. खडकावर वा शिंपल्यांच्या थरावर सतत घासल्याने वरचा लेप झिजून पाणी आतील थरांत शिरते, हा तिचा प्रमुख दोष होय. निकामी झालेल्या होडीची विल्हेवाट लावणेही कठीण असते.

ॲल्युमिनियमची होडी : विद्युत्‌ विच्छेदनाने ॲल्युमिनियम मिळविण्याची पद्धत १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल यांनी व फ्रान्समध्ये एरू यांनी स्वतंत्रपणे शोधून काढली. त्यानंतर अल्पावधीतच यूरोपात या धातूच्या नौका बांधण्यात आल्या. परंतु तांबेयुक्त मिश्रधातूंमुळे व अन्य धातूंच्या संपर्कामुळे त्या खाऱ्या पाण्यात लवकर झिजल्या. मॅग्नेशियमयुक्त मिश्रधातू व १९४० च्या दशकात विकसित झालेली निष्क्रिय वायूच्या आच्छादनाखालील वितळजोडाची पद्धत यांमुळे ही अडचण बऱ्याच अंशी दूर झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर विमाननिर्मितीत गुंतलेल्या ग्रमन या अमेरिकी कंपनीने ॲल्युमिनियमची लहान वल्ही होडी बाजारात आणली. उत्तर अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथे किनाऱ्यालगतच्या मासेमारीत अशा होड्या सर्वसामान्य झाल्या.

भारतात ॲल्युमिनियम धातूचे उत्पादन १९४३ मध्ये केरळातील अलुपुरम येथे सुरू झाले. कोचीन (कोची) येथील केंद्रीय मत्स्यतंत्रविज्ञान संस्थेने (स्था. १९५७) लाकडी मासेमारी नौकांच्या बुडावर महागड्या तांब्याऐवजी ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम मिश्रधातूचा पत्रा मढविण्याचे प्रयोग केले. येथे धातू लाकडाचे कवच म्हणून आला. संपूर्ण होडी धातूची करण्याकडे मात्र लहान मच्छीमार फारसा वळला नाही. नवी मुंबईतील तळोजे येथे ॲल्युमिनियमचे पत्रे लाटण्याचा कारखाना असूनही खाडीकाठच्या होडीला त्या धातूचा विशेष स्पर्श झाला नाही.

निवडीचे निकष : ॲल्युमिनियमची घनता २·७, तर पोलादाची सु. ७·८५ आहे. त्यामुळे या धातूची होडी हलकी असते, चिखलावरून सहज ओढता येते व लहान एंजिनाने चालते. आघाताने तिला पोचा येतो, पण ती सहसा फुटत नाही. रिव्हेटांनी जोडलेली होडी स्वस्त असते. मात्र सततच्या हादऱ्यांनी रिव्हेट सैल होऊन गळती लागते. म्हणून खाऱ्या पाण्यात वितळजोडाची, जाड पत्र्याची होडी श्रेयस्कर मानतात. धातू पाण्यापेक्षा जड असल्याने होडीत पाणी भरले असता ती तरंगती राहावी यासाठी बैठकांखाली हवाबंद कप्पे वा फेस भरलेले भाग असणे अत्यावश्यक असते.

धातूच्या पृष्ठभागावर आपोआप तयार होणारा ऑक्साइडाचा पातळ थर त्याचे संरक्षण करतो. हा थर साधारणतः ४ ते ८·५ या सामू-मर्यादेत टिकतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८·१ च्या आसपास असल्याने स्वच्छ पाण्यात अडचण येत नाही. ठाणे खाडीच्या पूर्व काठावर मात्र १९६० च्या दशकापासून मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली व कारखान्यांचे आणि नागरी वस्तीचे सांडपाणी खाडीत येऊ लागले. शिवाय साचलेल्या चिखलाखाली व चिकटलेल्या शंखशिंपल्यांखाली ऑक्सिजन पोहोचत नसल्याने पत्र्याला खळगे पडतात. होडी दररोज गोड्या पाण्याने धुणे, तांबेयुक्त रंग न लावणे, पितळी वा पोलादी भाग थेट न जोडणे व झिजण्यासाठी जस्ताचे तुकडे बसविणे ही काळजी घ्यावी लागते. वितळजोडाची सोय औद्योगिक वसाहतीत आहे, पण ती होडीच्या धक्क्यावर येत नाही. फायबरचे ठिगळ ज्या दिवशी लागते, त्याच दिवशी लावता येते. धातूच्या होडीला कारखान्यात न्यावे लागते व तेवढे दिवस मासेमारी बुडते. रोजच्या मिळकतीवर चालणाऱ्या घरात हा फरक निर्णायक ठरतो.

एंजिन बसविण्याचा निर्णयही केवळ सोयीचा नसतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते; पारंपरिक बिगरयांत्रिक होड्यांना ती लागू होत नाही. वल्ह्यांची होडी म्हणूनच पावसाळ्यातही घराला आधार देऊ शकते.

बदलती खाडी : नवी मुंबईच्या उभारणीसाठी १९७० मध्ये सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना झाली व ९५ गावांच्या जमिनी या प्रकल्पात आल्या. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये, तर ऐरोलीचा १९९९ मध्ये वाहतुकीस खुला झाला. पुलांचे खांब, भराव व वाढता गाळ यांमुळे प्रवाह बदलले. भूसंपादनात जमिनीचे मोल ठरते. ज्या पाण्यावर कोणाचा सातबारा नाही, त्याचे मोल ठरविण्याची रीत मात्र दीर्घकाळ नव्हती. वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पारंपरिक मच्छीमारांच्या हक्काची दखल घेऊन बाधितांना भरपाई देण्याचे धोरण आखण्यास शासनास सांगितले. खाडीचा पश्चिमेकडील भाग २०१५ मध्ये रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२२ मध्ये ठाणे खाडीचा रामसर पाणथळ क्षेत्रांत समावेश करण्यात आला. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत (२०२०) पारंपरिक मच्छीमारांना जुन्या होडीच्या बदली होडी व जाळी यांसाठी साहाय्याची तरतूद आहे.

नीट निगा राखलेली ॲल्युमिनियमची होडी दोन-तीन दशके टिकू शकते आणि मोडीतही तिला किंमत येते. या दृष्टीने ती लाकूड व फायबर या दोहोंपेक्षा सरस आहे. परंतु तिच्यासाठी एकदम गुंतवावे लागणारे भांडवल भरून निघण्यास तितकीच वर्षे मासेमारीची शाश्वती लागते. लाकडी होडीच्या काळात खाडी कायमची व होडी नाशवंत असे गृहीत होते. तळवलीसारख्या गावांत आता होडी निवडताना ती पाण्यात किती वर्षे टिकेल यापेक्षा तिच्या आयुष्यभर पाण्यात मासळी टिकेल की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा झाला आहे.