विझलेल्या दिव्याची धग

दिवाळीच्या पहाटे मुरुडच्या आमच्या घरात पहिली आंघोळ कोणाची, यावरून भांडण ठरलेले असे. ते मिटवून आजी कंदिलाची वात खाली ओढी, फुंकर घाली आणि बजावी, “काचेला हात लावू नका रे, पोळेल!” दिवा विझला मग काच पोळते कशी, म्हणून मी नुसता गाल जवळ नेला. अंधारातही धग लागली. उजेड गेला तरी ऊब दूरवर येऊन पोचते, एवढे शास्त्र त्या पहाटे मला फुकट मिळाले. पुढे वाचनात आले की, याच न दिसणाऱ्या उबेच्या मागे लागून माणसाने आकाशाचे एक नवे दार उघडले आहे.

ते दार प्रथम किलकिले केले विल्यम हर्शेल याने. युरेनस ग्रह शोधणारा हाच तो गृहस्थ. १८०० साली त्याने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि एकेका रंगात तापमापक ठेवला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तिथे पारा सर्वांत वर चढला! हेच अवरक्त किरण.

हे किरण आकाशवेड्यांना हवेत कशासाठी? थंडीच्या पहाटे आमच्या किनाऱ्यावर धुके उतरले की, समोरचा जंजिरा दिसेनासा होतो. पण तो असतो जागेवरच. आकाशातही तसेच आहे. नवे तारे जन्मतात ते धुळीच्या दाट ढगांत. साधा प्रकाश त्या धुळीत अडकतो. लांब तरंगांचे अवरक्त किरण तिच्यातून बरेचसे पार होतात. ताऱ्याचे बाळंतघर पाहायचे, तर हेच किरण टिपले पाहिजेत.

इथे मात्र आम्ही कोकणातले लोक हरतो. दमट हवेविषयी मुरुडच्या माणसाला सांगायला नको. पापड सादळतो, मीठ पाझरते, बिजागऱ्यांना गंज चढतो. हवेतली हीच वाफ अवरक्त किरणांचा मोठा वाटा गिळून टाकते. म्हणून असल्या दुर्बिणी उंच, कोरड्या डोंगरांवर असतात. गंमत अशी की, आपल्या देशात या कामाचा ध्यास घेतला तो मुंबईत, कुलाब्याच्या टोकाला, ऐन समुद्रावर वसलेल्या संस्थेने!

होमी भाभा यांनी १९४५ साली स्थापन केलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था ती हीच. तिथल्या मंडळींनी एक मीटर आरशाची दुर्बीण प्रचंड फुग्याला बांधून हैदराबादेहून आकाशात सोडली. हवेतली वाफ खाली राहावी म्हणून. पुढे जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणींना जोडण्याची उपकरणे आली. त्यांतली पहिली अडचण आजीच्या कंदिलासारखीच होती. ऊब असलेली प्रत्येक वस्तू हे किरण सोडते. दुर्बीण सोडते, उपकरणाचे धातू सोडतात, शेजारी उभा असलेला शास्त्रज्ञही सोडतो. भर दुपारी काजवा शोधण्यासारखेच ते! म्हणून टिपणारा भाग हवा काढलेल्या पात्रात बंद करून थंड करतात. नाईक, ओझा, घोष आदींनी ज्याचे वर्णन २०१२ साली प्रसिद्ध केले, त्या ‘टिरकॅम-२’ कॅमेऱ्याचा टिपक शून्याखाली सुमारे २३८ अंशांवर ठेवावा लागतो. हा कॅमेरा पुढे नैनितालजवळ देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीवर चढला. २०१३ मध्ये ‘टिरस्पेक’ लडाखात हानले येथील दोन मीटरच्या दुर्बिणीला जोडले गेले. ती जागा समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार मीटर उंच! २०१९ मध्ये देवस्थळला ‘टॅन्स्पेक’ आले. टिरस्पेक आणि टॅन्स्पेक घडवताना हवाईतल्या कारागिरांचा हात होता आणि टिपक अमेरिकेचे. हे लपवण्यात अर्थ नाही.

इथे मला पुण्याची आठवण होते. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून तेथील सायन्स कॉलेजात वेधशाळा उभी राहिली आणि कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी ती नावारूपाला आणली. वीस इंची दुर्बीण होती तिथे. १९१२ मध्ये नायगामवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. दुर्बीण विकत आणता येते. तिच्यामागे उभी राहणारी माणसांची रांग विकत मिळत नाही. एक माणूस उठला की दिवा विझावा, ही आपली जुनी खोड. कुलाब्याच्या मंडळींचे मोल मला वाटते ते याच कारणाने. फुग्यापासून देवस्थळपर्यंत एकाचे शिकणे दुसऱ्याच्या हाती आले. परदेशी टिपकाची उणीव भरून निघेल तीही याच वाटेने, एका पिढीने दुसरीला हात धरून शिकवले तर.

गेल्या दिवाळीत मुरुडला असताना वीज गेली. माळ्यावरचा आजीचा कंदील काढून लावला आणि वीज आल्यावर विझवला. नातू म्हणाला, “आजोबा, दिवा तर गेला.” मी म्हटले, “काचेला हात न लावता गाल जवळ ने बरं.” त्याने नेला, दचकून मागे घेतला आणि पुन्हा नेला.

मी काही बोललो नाही. त्याचा प्रश्न त्यालाच पडू द्यावा, असे मला वाटले.