गणितयंत्राची पेटी

यंत्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा यंत्राच्या आंतल्या भागाचाच इतिहास लिहितात. कोणतें चाक कोणत्या चाकांत अडकलें, कोणत्या तारेंतून वीज वाहिली, कोणत्या गणित्यास कोणती युक्ति केव्हां सुचली, ह्याची ते बारकाईनें नोंद ठेवितात; पण तें सर्व ज्या पेटींत बसविलें ती कोणीं घडविली, कशाची घडविली, आणि ती उघडतां येत होती कीं नाहीं, हें सांगण्याची त्यांस गरज भासत नाहीं. देवघरांतल्या मूर्तीचें साग्र वर्णन करावें आणि देव्हारा घडविणाऱ्या सुताराची आठवणहि ठेवूं नये, त्यांतलाच हा प्रकार. अलीकडे आपल्या संगणकाची पेटी लांकूड व धातु ह्यांची स्वतःच्या हातानें घडविणारे हौशी लोक पुष्कळ झाले आहेत, आणि त्यांच्या ह्या उद्योगाकडे पोरखेळ म्हणून पाहण्याचा कल सर्वत्र दिसतो. आम्हांस तसें वाटत नाहीं. ह्या पेटीची कुळकथा पावणेचारशें वर्षांहून जुनी आहे, आणि तिच्यांत एक भांडण पहिल्यापासून चालत आलेलें आहे. तें हातानें काम करणारा आणि डोक्यानें काम करणारा ह्यांच्यांतलें आहे.

त्या भांडणाचा पहिला प्रसंग फ्रान्स देशांत रूआँ ह्या गांवीं घडला. ब्लेझ पास्कल ह्याचे वडील तेथें करवसुलीचें काम पाहत. आंकड्यांच्या त्या रगाड्यांतून वडिलांची सुटका व्हावी म्हणून ह्या मुलानें १६४२ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, बेरीज-वजाबाकी करणारें यंत्र योजिलें. यंत्र म्हणजे पितळेची एक लांबट पेटी. वरच्या बाजूस चाकें, आणि त्यांच्या वर लहान लहान खिडक्या, ज्यांतून उत्तराचे आंकडे दिसत. योजना कागदावर उतरली; पण ती धातूंत उतरविणें ही गोष्ट अगदीं वेगळी निघाली. पास्कलनें पन्नासांहून अधिक नमुने करून पाहिले. कोणी लांकडाचे, कोणी हस्तिदंताचे, कोणी शिसवी काळ्या लांकडाचे, कोणी तांब्याचे. आजच्या हौशी कारागिराचें कोठार पाहिलें तरी त्यांत ह्याहून अधिक विविधता सांपडणार नाहीं.

पुढें जें झालें तें त्यानें स्वतःच १६४५ च्या आपल्या निवेदनांत नमूद करून ठेविलें आहे. रूआँ येथील एका घड्याळजीनें ह्या यंत्राची वार्ता ऐकली आणि तसेंच एक यंत्र आपल्या मनानें घडविलें. बाहेरून तें गुळगुळीत, चकचकीत, कानशीनें उत्तम घांसलेलें होतें. आंत मात्र तें इतकें सदोष होतें कीं त्याचा कांहींहि उपयोग नव्हता. तरीहि तें नवल म्हणून गांवांतल्या एका संग्रहालयांत मानानें ठेविलें गेलें. तें पाहून पास्कल इतका खचला कीं त्यानें आपल्या हाताखालील सर्व कारागीर काढून टाकिले आणि उद्योगच सोडून देण्याचें मनांत आणिलें. चॅन्सेलर सेगिए ह्यांनीं धीर दिला म्हणून काम पुन्हा सुरू झालें, आणि १६४९ सालीं त्या यंत्राचा राजमान्य हक्क पास्कलला मिळाला. तो हक्क मिळाल्यावर त्याच्या संमतीवांचून इतर कोणासहि असें यंत्र करण्याची मुभा उरली नाहीं.

ह्या कथेंत पास्कलची बाजू सर्वांस पटते, आणि आम्हांसहि ती बव्हंशीं पटते. तरीपण मनांत एक शंका राहतेच. पन्नास नमुन्यांची चाकें ज्यांनीं घांसलीं त्यांचीं नांवें त्याच्या निवेदनांत नाहींत. त्यांतल्या एका घड्याळजीची चूक तेवढी अजरामर झाली.

दुसरा प्रसंग इंग्लंडांतला आणि स्वीडनमधला असा जोडीचा आहे. चार्ल्स बॅबेज ह्याच्या ‘डिफरन्स एंजिन’ वर इंग्रज सरकारनें सुमारें १७,००० पौंड खर्च केले. जोसेफ क्लेमंट हा त्या काळचा नाणावलेला यांत्रिक, त्याच्याकडे काम दिलें. प्रत्येक भाग परमावधीच्या अचूकपणानें झाला पाहिजे अशी अट. भाग उत्तम झालेच. पण १८३३ सालीं मालक आणि कारागीर ह्यांच्यांत पैशावरून व हत्यारांच्या मालकीवरून बिनसलें, काम थांबलें, आणि तें यंत्र कधींच पुरें झालें नाहीं. पुढच्याच वर्षीं एका इंग्रजी त्रैमासिकांत त्या यंत्राचें वर्णन प्रसिद्ध झालें. तें स्टॉकहोम येथील गेओर्ग शॉइत्स ह्या छापखानेवाल्या पत्रकाराच्या वाचनांत आलें. त्याचा मुलगा एडव्हर्ड हा तेव्हां शिकत होता. १८३७ च्या सुमारास, सोळा वर्षांच्या वयांत, त्यानें यंत्र घडविण्यास घेतलें आणि १८४३ सालीं तें चालूं लागलें. त्याची चौकट लांकडाची होती. बॅबेजच्या पोलादी डौलापुढें हें यंत्र म्हणजे खेड्यांतल्या रहाटासारखें दिसलें असतें. पण तें चालत होतें, आणि तशी ग्वाही स्वीडनच्या विज्ञान-अकादमीनें दिली. पुढें सरकारी साह्यानें धातूचें यंत्र १८५३ सालीं तयार झालें, १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनांत त्यास सुवर्णपदक मिळालें, व १८५७ सालीं तें अमेरिकेंतील ऑल्बनी येथील वेधशाळेनें ५,००० डॉलरांस विकत घेतलें. बॅबेजनें ह्या बापलेकांचें मोकळ्या मनानें कौतुक केलें, ही गोष्ट त्याच्या तापट स्वभावाची ख्याति लक्षांत घेतां मुद्दाम सांगण्यासारखी आहे.

त्यानंतरच्या शतकांतल्या हिशेबाच्या यंत्रांविषयीं फार लिहिण्यासारखें नाहीं. कॉल्मारच्या तोमा ह्याचें ‘अरिथ्मोमीटर’ पितळेचें असून लांकडी पेटींत विकलें जाई. विम्याच्या कचेऱ्यांत तें मेजावर संदुकीसारखें पडून असे. पेटीकडे कोणाचें लक्ष नसे, आणि जावें असें तींत फारसें कांहीं नव्हतें.

विजेवर चालणारी यंत्रें आल्यावर मात्र पेटीला नवें महत्त्व आलें. ह्याचें एक ठळक उदाहरण मुंबईचें आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रं. नरसिंहन् ह्यांच्या नेतृत्वाखालीं देशांतल्या देशांत जो पहिला संगणक घडविला गेला, तो १९६० सालीं कार्यान्वित झाला, आणि १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्यास ‘टिफ्रॅक’ हें नांव दिलें. त्यांत २,७०० निर्वात नळ्या होत्या. हें सारें पोलादाच्या एका मांडणींत बसविलें होतें. ती १८ फूट लांब, अडीच फूट रुंद व ८ फूट उंच होती. आम्हांस ह्या वर्णनांत सर्वांत मोलाची वाटते ती दारांची गोष्ट. मांडणीच्या दोन्ही बाजूंस पोलादी दारें ठेविलीं होतीं, अशासाठीं कीं आंतल्या जोडण्यांपर्यंत माणसाचा हात पोंचावा. निर्वात नळी केव्हां जळेल ह्याचा नेम नसतो. जिचें दार उघडत नाहीं अशी पेटी त्या काळीं कोणी घडविलीच नसती.

आतां १९७५ सालाकडे वळूं. त्या वर्षाच्या जानेवारींत अमेरिकेंतल्या एका मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘आल्टेर ८८००’ ह्या यंत्राचें चित्र झळकलें. सुटे भाग घरीं आणून, डाग देऊन, स्वतः जोडावयाचे; पेटी धातूची. पुढच्या वर्षीं ‘सोल’ नांवाचें यंत्र निघालें, त्याच्या निळ्या पत्र्याला दोन्ही बाजूंनीं अक्रोडाच्या फळ्या होत्या. आणि त्याच १९७६ सालीं दोन स्टीव्हांनीं, वॉझ्निअॅक व जॉब्स ह्यांनीं, ‘अॅपल १’ विक्रीस काढला. माउंटन व्ह्यू येथील दुकानदार पॉल टेरेल ह्यानें पन्नास नग मागविले होते. त्याची अपेक्षा पुऱ्या यंत्राची. हातीं आल्या त्या नुसत्या भाग जोडलेल्या पाट्या. कळफलक नाहीं, विजेची जोडणी नाहीं, पडदा नाहीं आणि पेटीहि नाहीं. किंमत ६६६ डॉलर ६६ सेंट. असे सुमारें दोनशें नग तयार झाले. गिऱ्हाइकांनीं व दुकानदारांनीं आपापल्या परीनें त्यांस घरें करून दिलीं. कांहींना हवाई बेटांतल्या कोआ नामक लांकडाचीं. वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयांत जो नग आहे तो अशाच हातानें केलेल्या लांकडी पेटींतला आहे. २०२१ सालीं कोआच्या पेटींतला एक नग कॅलिफोर्नियांतल्या लिलावांत चार लक्ष डॉलरांस गेला. हाच नग १९७७ सालीं एका प्राध्यापकानें आपल्या विद्यार्थ्यास ६५० डॉलरांस विकला होता, कारण त्याला नवा ‘अॅपल २’ घ्यावयाचा होता! त्या नव्या यंत्राची पेटी प्लॅस्टिकची होती.

प्लॅस्टिकवर आमचा राग नाहीं. ती पेटी स्वस्त, हलकी आणि सुबक होती, व तिचें झांकण हातानें सहज निघे. परंतु पुढें दोन कारणांनीं पेटी बंद होत गेली. एक कारण न्याय्य होतें. संगणकांतून निघणाऱ्या लहरींमुळें शेजाऱ्याच्या रेडिओंत व दूरचित्रवाणींत खरखर होई. तिला आळा घालण्यासाठीं अमेरिकेच्या दळणवळण आयोगानें १९७९ सालीं नियम केले. लांकूड किंवा साधें प्लॅस्टिक ह्या लहरी अडवीत नाहीं. धातूचें सलग आवरण अडवितें. दुसरें कारण तितकेंसें न्याय्य नव्हतें. १९८४ च्या ‘मॅकिंटॉश’ ची पेटी उघडण्यास लांब दांड्याचा, तारेच्या आकाराच्या टोंकाचा पेंचकस लागे. असा पेंचकस तेव्हां कोणत्या घरांत असणार? मालकानें आंत हात घालूं नये हाच हेतु. आणि गंमत अशी कीं त्याच पेटीच्या आंतल्या अंगास, ती घडविणाऱ्या मंडळीच्या सह्या सांच्यांतूनच उमटविलेल्या होत्या. पास्कलच्या कारागिरांस जें मिळालें नाहीं तें ह्यांस मिळालें. फक्त तें कोणीं वाचूं नये अशा ठिकाणीं मिळालें.

हातानें पेटी घडविण्याचा आजचा उद्योग शक्य झाला तो मात्र कारखानदारांच्याच एका निर्णयानें. १९९५ सालीं इंटेल कंपनीनें ‘एटीएक्स’ नांवाचें माप ठरविलें: मुख्य पाटी ३०५ मिलिमीटर लांब, २४४ रुंद, आणि स्क्रूंचीं छिद्रें नेमक्या ठराविक जागीं. माप एकदां ठरलें, कीं कोणत्याहि गांवच्या सुतारास त्याप्रमाणें करवत चालवितां येते.

काम सोपें आहे असें मात्र कोणी समजूं नये. लांकूड उष्णता लवकर बाहेर टाकीत नाहीं. म्हणून हवा खालून येऊन वरून जाईल अशा वाटा आधीं आंखाव्या लागतात, नक्षी मागाहून. लहरींसाठीं आंतून पत्र्याचें अस्तर द्यावें लागतें, आणि तें अस्तर व वीजपुरवठ्याचें धातूचें घर हीं जमिनीच्या तारेशीं नीट जोडावीं लागतात. ह्यांत हयगय केली तर नुसतें यंत्र नव्हे, माणूसहि दगावेल. शिवाय लांकूड जिवंत असल्यासारखें वागतें. पावसाळ्यांत आपल्या घरचें दार अडकतें तें ज्या कारणानें, त्याच कारणानें रुंद फळी शिरांच्या आडव्या अंगानें फुगते आणि उन्हाळ्यांत आकसते. ती पत्र्याला चारी बाजूंनीं घट्ट जखडली तर फळी तरी तडकेल किंवा पत्रा तरी वांकेल. जुने सुतार ह्यावर उपाय जाणत: चौकटीला खांच पाडून तींत फळी सरस न लावतां सैल बसवावयाची. धातूच्या बाजूचीं छिद्रेंहि गोल न ठेवितां किंचित् लांबट ठेवावीं लागतात, म्हणजे स्क्रू धरून राहतो आणि फळीस हलावयास जागा मिळते.

अशा कित्येक पेट्या आम्हीं पाहिल्या आहेत. कांहींत रंगीबेरंगी दिव्यांची आरास होती, वरून कांच, आणि कांचेमागें हवेला वाटच नाहीं. त्या पाहतांना रूआँच्या घड्याळजीची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. एक मात्र सागाच्या जुन्या खिडकीच्या चौकटीपासून केलेली होती. बिजागऱ्या त्याच खिडकीच्या, पितळेच्या, झिजलेल्या. मागच्या अंगास पत्रा होता, त्याच्या कडा कानशीनें मारलेल्या, बोट फिरविलें तर कोठें टोंचत नव्हतें. तिच्या मालकानें बोलतां बोलतां एक कडी सरकविली, दार उघडलें, आणि पंख्यावरची धूळ धोतराच्या जुन्या तुकड्यानें पुसून तें पुन्हा लावून घेतलें.