केर आणि त्याचे मोल

देवाचे निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून जपणारे आम्ही. घरचा केर मात्र कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत लोटून मोकळे होत असू. पुणे काय, इंदूर काय, रीत तीच. ओले-सुके तेथे एकत्र कुजे, आणि कागद-काच वेचणाऱ्या स्त्रिया त्यातच हात घालीत. पुण्यात १९९३ साली त्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. २००८ पासून ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेमार्फत त्या दारोदार केर नेऊ लागल्या. इंदूरने कुंड्याच हटविल्या, वेगळ्या कप्प्यांच्या गाड्या दारी धाडल्या व २०१७ च्या स्वच्छता सर्वेक्षणात देशात पहिला क्रमांक मिळविला. इंदूरची शिस्त वाखाणण्याजोगी खरी. तथापि आमचे मन पुण्याकडे झुकते. तेथे विकण्याजोग्या सुक्या जिनसांचे मोल वेचणारीच्याच पदरी पडते.