प्रकाशमापकाची निवड

१९१३ सालीं फाळक्यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हां विजेचा प्रकाशमापक जगांत नव्हता, भिस्त नजरेवर. १९३२ सालीं वेस्टन कंपनीनें सेलेनियमचा मापक विक्रीस आणला. पुढच्याच वर्षीं ‘प्रभात’ पुण्यास आली. तेथील बंदिस्त स्टुडिओंत दिव्यांचा उजेड नुसत्या नजरेनें जोखणें कठीणच!

जुन्या कॅमेऱ्यासाठीं मापक निवडतांना हा इतिहास उपयोगी पडतो. सेलेनियमास बॅटरी लागत नाहीं, पण वयोमानानें तो मंदावतो. पुढील कॅडमियम सल्फाइडच्या मापकांस अंधुक उजेडही कळे. मात्र पुष्कळांस लागणारा १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आतां बनत नाहीं. मला सेलेनियमच पसंत. घेण्यापूर्वीं तो भर उन्हांतील करड्या कागदावर रोखावा: १०० वेगाच्या फिल्मला, १/१०० सेकंदास, एफ १६ च्या आसपास दाखवील. कांटा फार मागें राहिला, तर मापक दुकानांतच ठेवावा. फिल्म महाग आहे.