आईच्या कुळाची गाणी आणि गिटार

आजची गोष्ट एका तबकडीची आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला आर्नहेम लँड नावाचा मुलूख आहे. तिथले योलंगू आदिवासी आणि त्यांचे काही गोरे दोस्त यांनी १९८६ साली मिळून एक बँड उभा केला. त्याची पहिली तबकडी १९८९ साली आली. तिचं नाव ‘होमलँड मूव्हमेंट’, म्हणजे आपल्या मूळ जागी परत जाण्याची चळवळ. तबकडीच्या एका बाजूला गिटार आणि ड्रमची रॉक गाणी होती. ती उलटली की दुसऱ्या बाजूला वाडवडिलांपासून चालत आलेली कुळाची गाणी.

बँडचं नाव योथू यिंडी. योथू म्हणजे मूल, यिंडी म्हणजे आई. हे नाव जरा नीट समजून घेऊ. योलंगूंचं सगळं जग दोन भागांत वाटलेलं आहे, धुवा आणि यिरिट्जा. माणसं तर आहेतच, पण जमीन, झाडं, मासे, वारेसुद्धा या नाहीतर त्या भागातले. लग्न आपल्याच भागात करायचं नाही, सोयरीक समोरच्या भागातच. मूल बापाच्या कुळात धरलं जातं, म्हणजे आई कायम समोरच्या भागातली. पण म्हणून तिचं माहेर तुटत नाही. उलट आईच्या कुळाची जमीन, तिथले विधी, तिथली गाणी नीट राखली जातात की नाही, हे बघायचं काम तिच्या लेकरांचं. आपल्याकडे आजोळ म्हणजे सुट्टीत आंबे खायला जायचं घर. त्यांच्याकडे आजोळ ही जबाबदारी असते.

आणि गाणी म्हणाल तर योलंगूंचा सातबाराच गाण्यांत असतो. पूर्वज कुठून चालत आले, कुठे थांबले, कुठला पाणवठा कुठल्या कुळाचा, हे सगळं गाऊन ठेवलेलं. या गाण्यांना म्हणतात मनिकाय. साथीला बिल्मा, म्हणजे एकमेकींवर आपटायच्या दोन काठ्या, आणि यिडाकी, म्हणजे वाळवीनं आतून पोखरलेल्या झाडाचा लांब भोंगा. तो पुरुष फुंकतात. बायकांचं गाणं वेगळं, त्याला मिलकारी म्हणतात. ते रडव्या, कापऱ्या सुरात गातात. मरणाच्या वेळी गातातच, पण जमिनीची आठवण काढतानाही गातात.

हा गाण्यांतला सातबारा सरकारनं मात्र मानला नाही. १९६३ साली यिरकाला या त्यांच्या वस्तीजवळची जमीन त्यांना न विचारता बॉक्साइटच्या खाणीसाठी काढून घेतली. बॉक्साइट म्हणजे ज्यापासून आपली अॅल्युमिनियमची पातेली होतात तो दगड. आपल्या कोल्हापूर-रत्नागिरीकडेही तो निघतो. योलंगूंनी संसदेला अर्ज पाठवला, तो झाडाच्या सालीवर. मधे आपल्या भाषेत आणि इंग्रजीत टाइप केलेला मजकूर, भोवती कुळांच्या चित्रांची किनार. सह्या करणाऱ्यांत बायकाही होत्या. संसदेनं चौकशी समिती नेमली, पण खाण काही थांबली नाही. मग ते कोर्टात गेले. १९७१ साली निकाल लागला. या लोकांना स्वतःचा कायदा आहे हे न्यायाधीशांनी कबूल केलं, पण इंग्रजी कायद्यात बसेल अशी मालकी काही त्यात दिसत नाही म्हणाले, आणि खटला गेला. जमिनीचा हक्क देणारा कायदा त्या प्रदेशापुरता झाला तो १९७६ साली.

कायद्याची वाट न बघता कितीतरी कुटुंबं मिशनची वस्ती सोडून आपापल्या कुळाच्या जमिनीवर राहायला गेली होती. तीच ती परत जाण्याची चळवळ. तबकडीला नाव मिळालं ते तिथून.

बँडचे मुख्य गायक मंडावुय युनुपिंगू. त्यांचे थोरले भाऊ गलारवुय त्या खटल्यात दुभाष्याचं काम करत होते. मंडावुय स्वतः शाळामास्तर. आर्नहेम लँडच्या आदिवासींमधले ते पहिले पदवीधर, आणि १९९० साली यिरकालाच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले. मुलांना दोन्हीकडचं शिकवा, असं ते म्हणत. त्यासाठी योलंगूंमध्ये एक शब्द आहे, गन्मा. खाडीत समुद्राचं खारं पाणी आणि नदीचं गोडं पाणी भेटतं, त्यावर फेस येतो, पण दोन्ही पाणी आपापल्या जागी असतंच. मंडावुय यांच्या पत्नी यालमय यांनीही त्याच शाळेत चाळीसएक वर्षं मुलांना त्यांच्या भाषेतून शिकवलं. २०२४ साली ऑस्ट्रेलियानं त्यांचा राष्ट्रीय सन्मान केला.

ही पहिली तबकडी फार गाजली नाही. नाव झालं ते १९९१ सालच्या दुसऱ्या तबकडीनं. तिच्यात ‘ट्रीटी’ हे गाणं होतं. आदिवासींशी करार करू, असं पंतप्रधान बॉब हॉक १९८८ साली बोलून गेले होते आणि तो झालाच नाही, त्यावरचं. त्या गाण्याचा नाचायजोगा नवा अवतार निघाला आणि देशभर वाजला. पण मला विचाराल तर खरी हिंमत पहिल्या तबकडीच्या उलट्या बाजूची. ही गाणी एकट्या गायकाच्या मालकीची नसतात, कुळाची असतात. कुठलं चारचौघांत गायचं, कुठलं नाही, ते जाणती माणसं ठरवतात. ती तशीच, गिटार न चिकटवता, बाजारात ठेवली. गोरा गिऱ्हाईक दुसरी बाजू लावेल की नाही, कोण जाणे.

मंडावुय २०१३ साली किडनीच्या आजारानं गेले. त्यांचा पुतण्या यिर्न्गा आणि बँडमधल्या गोऱ्या बास गिटारवाल्या स्टुअर्ट केलवे यांचा मुलगा रॉय यांनी पुढे ‘किंग स्टिंगरे’ नावाचा बँड काढला. त्यांची पहिली तबकडी २०२२ साली आली. तिच्यात मनिकाय आणि गिटार एकाच गाण्यात आहेत, आणि तबकडी उलटावी लागत नाही.