सी.आय.डी. (दूरचित्रवाणी मालिका)

सी.आय.डी. ही मुंबईच्या पार्श्वभूमीवर घडणारी हिंदी गुन्हे-तपास मालिका आहे. सोनी एंटरटेनमेंट टेलिव्हिजन या वाहिनीवर २१ जानेवारी १९९८ रोजी तिचे प्रसारण सुरू झाले आणि २७ ऑक्टोबर २०१८ रोजी पहिले पर्व संपले. या काळात १,५४७ भाग प्रसारित झाले. दुसरे पर्व २१ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झाले. मालिकेचे निर्माते-दिग्दर्शक बी. पी. सिंग असून एसीपी प्रद्युम्न ही प्रमुख भूमिका मराठी अभिनेते शिवाजी साटम यांनी केली आहे. भारतीय दूरचित्रवाणीवर सर्वाधिक काळ चाललेल्या मालिकांमध्ये तिची गणना होते.

पार्श्वभूमी

भारतीय दूरचित्रवाणीवर गुप्तहेरकथा दूरदर्शनच्या काळातच रुजली. पंकज कपूर यांची 'करमचंद' (१९८५) आणि बासू चटर्जी दिग्दर्शित, रजित कपूर अभिनीत 'ब्योमकेश बक्षी' (१९९३) या मालिका विशेष गाजल्या. या दोन्हींचे नायक खाजगी गुप्तहेर होते. पोलीस दलाच्या दैनंदिन कामातून तपासकथा उभी करण्याचा वेगळा प्रयत्न मुंबई दूरदर्शनवरील 'एक शून्य शून्य' या मराठी मालिकेने केला. पोलीस नियंत्रण कक्षाच्या १०० या दूरध्वनी क्रमांकावरून तिला हे नाव मिळाले होते. बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम या दोघांनीही या मालिकेसाठी काम केले होते. त्यामुळे 'सी.आय.डी.'चे मूळ या मराठी मालिकेत शोधता येते.

बी. पी. सिंग यांनी पुण्याच्या चित्रपट संस्थेत छायालेखनाचे शिक्षण घेतले होते व मुंबई दूरदर्शनमध्ये छायालेखक म्हणून काम केले होते. साटम हे सेंट्रल बँक ऑफ इंडियामध्ये नोकरी करीत असताना रंगभूमीकडे वळले.

स्वरूप

मालिकेतील बहुतेक प्रकरणे एक किंवा दोन भागांत पूर्ण होतात. मृतदेह सापडणे, घटनास्थळाची पाहणी, प्रयोगशाळेतील निष्कर्ष, संशयितांची चौकशी आणि अखेरीस गुन्हेगाराची कबुली असा घटनाक्रम सामान्यतः ठरलेला असतो. प्रेक्षकाने मधले अनेक भाग पाहिले नसले, तरी कोणताही भाग त्याला स्वतंत्रपणे समजतो.

पात्रे

एसीपी प्रद्युम्न हा पथकाचा प्रमुख आहे. वरिष्ठ निरीक्षक अभिजित (आदित्य श्रीवास्तव) तर्काने काम करतो, तर वरिष्ठ निरीक्षक दया (दयानंद शेट्टी) शारीरिक ताकदीसाठी ओळखला जातो. फ्रेडरिक्स ऊर्फ फ्रेडी हे विनोदी अंगाचे पात्र दिनेश फडणीस यांनी साकारले. त्यांचे ५ डिसेंबर २०२३ रोजी निधन झाले. न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. साळुंखे यांची भूमिका नरेंद्र गुप्ता यांनी केली आहे.

आरंभीच्या काळात आशुतोष गोवारीकर यांनी निरीक्षक वीरेंद्रची भूमिका केली. पुढे 'लगान' (२००१) या चित्रपटाचे दिग्दर्शक म्हणून ते प्रसिद्ध झाले. अश्विनी काळसेकर, मोना आंबेगावकर, श्रद्धा मुसळे हे मराठी कलावंतही निरनिराळ्या टप्प्यांवर मालिकेत होते.

अखंड चित्रीकरणाचा प्रयोग

मालिकेचा १११ मिनिटांचा एक विशेष भाग ऑक्टोबर २००४ मध्ये लोणावळा येथे कॅमेरा एकदाही न थांबवता चित्रित करण्यात आला व ७ नोव्हेंबर २००४ रोजी प्रसारित झाला. त्याची नोंद गिनेस बुकमध्ये झाली. अशा चित्रीकरणात संकलनाने चूक झाकता येत नाही. एखादा कलावंत संवाद विसरला, तरी संपूर्ण चित्रीकरण पहिल्यापासून करावे लागते.

दीर्घ लोकप्रियतेची कारणे

रहस्यकथेचा आनंद अनिश्चिततेत असतो, असे सामान्यतः मानले जाते. 'सी.आय.डी.'च्या बाबतीत मात्र निश्चिततेचे आकर्षण अधिक दिसते. गुन्हेगार कोण हे प्रेक्षकाला ठाऊक नसते; परंतु तो सापडणार, हे ठाऊक असते. प्रत्यक्ष जीवनात तपास व खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात. मालिकेत गुन्ह्याचा निकाल प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत लागतो. मालिकेच्या टिकाऊपणामागे न्यायाचे हे आश्वासन आहे.

दुसरे कारण म्हणजे पथकाचे कौटुंबिक स्वरूप. वडीलकीच्या नात्याने रागावणारा प्रमुख, परस्परांना सांभाळून घेणारे दोन सहकारी, चेष्टेचा विषय होणारा फ्रेडी आणि प्रमुखाशी सतत खटके उडणारे डॉक्टर ही नाती वर्षानुवर्षे तीच राहिली. रहस्य दर आठवड्याला बदलत असले, तरी ते उलगडणारी माणसे बदलत नसत.

तिसरे कारण पुनरावृत्तीचे आहे. 'कुछ तो गडबड है' हे उद्गार, हवेत फिरणारी एसीपींची बोटे आणि दयाने दार तोडणे या गोष्टींची प्रेक्षक वाट पाहत. पुढे या लकबींवर विनोद होऊ लागले. समाजमाध्यमांवरील या विनोदांमुळे मालिका बंद असतानाच्या काळातही नव्या पिढीला ती परिचित राहिली.

ब्रिटिश दूरचित्रवाणीवरही असे आकर्षण आढळते. जेरेमी ब्रेट यांची शेरलॉक होम्स मालिका (१९८४–१९९४), जॉन थॉ यांची 'इन्स्पेक्टर मोर्स' (१९८७–२०००) आणि डेव्हिड सुशे यांची 'प्वारो' (१९८९–२०१३) यांतील रहस्ये माहीत झाल्यावरही प्रेक्षक ती पुन्हा पाहतात. मात्र तेथे आकर्षणाचा केंद्रबिंदू एक विक्षिप्त, एकाकी बुद्धिमान व्यक्ती असते, 'सी.आय.डी.'मध्ये ते स्थान पथकाला आहे.

वास्तवाशी तुलना

मालिकेतील तपासयंत्रणा प्रत्यक्षातील यंत्रणेपेक्षा बरीच वेगळी आहे. महाराष्ट्राच्या गुन्हे अन्वेषण विभागाचे मुख्यालय पुणे येथे आहे. मुंबईतील गंभीर गुन्ह्यांचा तपास स्थानिक पोलीस ठाणे आणि पोलीस आयुक्तांच्या अखत्यारीतील गुन्हे शाखा करते. शेजारच्या ठाणे शहरासाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. त्यामुळे बाळकुमसारख्या भागात खून झाल्यास त्याचा तपास ठाणे पोलिसांकडे जातो. एसीपी, म्हणजे सहायक पोलीस आयुक्त, हे पददेखील आयुक्तालय पद्धतीतील आहे.

डॉ. साळुंखे एकाच प्रयोगशाळेत शवविच्छेदन, विषपरीक्षा व अन्य चाचण्या करतात. प्रत्यक्षात शवविच्छेदन रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी करतात आणि व्हिसेराचे नमुने न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पाठवले जातात. मुंबईत अशी प्रयोगशाळा कलिना येथे आहे. तिचे अहवाल काही मिनिटांत मिळत नाहीत.

सर्वांत महत्त्वाचा फरक कबुलीजबाबाचा आहे. मालिकेत संशयिताला चपराक बसते, तो गुन्हा कबूल करतो आणि त्याला फाशी होणार असे एसीपी सांगतात. भारतीय कायद्यानुसार पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. पूर्वीच्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम २५ मधील ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. कोठडीत मारहाण करणे हा गुन्हा आहे. शिक्षा ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा असून १९८० च्या बचनसिंग खटल्यापासून फाशी केवळ दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणांत दिली जाते. दार तोडण्यास मात्र कायद्याचा काहीसा आधार आहे. अटक करावयाची व्यक्ती आत असल्यास व ओळख आणि हेतू सांगूनही प्रवेश न मिळाल्यास पोलिसांना दार तोडता येते.

या त्रुटींकडे केवळ तांत्रिक चुका म्हणून पाहता येत नाही. जी चपराक प्रेक्षकाला झटपट न्यायाचे समाधान देते, तीच प्रत्यक्षात निरपराध व्यक्तीकडूनही कबुली मिळवू शकते. मालिकेतील पथक चुकीच्या माणसावर खटला भरत नाही, म्हणून हा धोका तेथे जाणवत नाही.

पुनरागमन व एसीपी प्रद्युम्नचा मृत्यू

दुसऱ्या पर्वात साटम, श्रीवास्तव व शेट्टी हे त्रिकूट परतले. एप्रिल २०२५ मध्ये एसीपी प्रद्युम्नचा मृत्यू दाखवण्यात आला आणि वाहिनीने समाजमाध्यमांवर त्या पात्राला श्रद्धांजली वाहिली. प्रेक्षकांनी याविरुद्ध तीव्र नाराजी व्यक्त केली. पार्थ समथान यांचे एसीपी आयुष्मान हे नवे पात्र आणण्यात आले. परंतु पुढे प्रद्युम्नही परतला.

या घटनेची तुलना शेरलॉक होम्सशी करता येते. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये होम्सचा मृत्यू दाखवला. वाचकांच्या असंतोषानंतर १९०३ मध्ये तो जिवंत परतला. दोन्ही प्रसंगी वाचक-प्रेक्षकांना तपास करणाऱ्याचा अंत मान्य झाला नाही.

संबंधित निर्मिती

'सी.आय.डी. स्पेशल ब्युरो' (२००४–२००६) ही उपमालिका तसेच बंगाली भाषेतील आवृत्तीही निघाली. 'अदालत' आणि 'तारक मेहता का उल्टा चश्मा' या मालिकांसोबत संयुक्त भागही प्रसारित झाले.